सफरचंदाची थंडी

"नीट धर वं. पदर सुटला बघ तिकडून," आई म्हणाली.

मी लुगड्याचं टोक घट्ट धरलं आणि आई झाडाभोवती फेऱ्या घालत राहिली. वडाला सूत गुंडाळावं तसं ती सफरचंदाला जुनं लुगडं गुंडाळत होती. हिरवं संपलं, मग जांभळं घेतलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड झाकून झालं, वर गोणपाट बांधून झालं, आणि मग दोन पावलं मागं सरून तिनं डोळे बारीक करून सगळं न्याहाळलं.

"आई, गुदमरेल ते."

"तू गुदमरली का इतक्या वर्षांत?"

डिसेंबरातली दिवेलागण होती. माझ्या अंगात स्वेटर, त्यावर शाल आणि कानाला मफलर असा सगळा जामानिमा होता. मी सातमाशी जन्मलेली. पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं जाता जाता राहिले, आणि तेव्हापासून 'शैलाची छाती नाजूक आहे' हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं रोज म्हटलं जायचं. मी नर्सिंगचा कोर्स पुरा करून नाशिकच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले होते. दुसऱ्यांच्या छातीचं मला कळत होतं, पण माझ्या छातीबद्दल माझं मत कुणी विचारत नव्हतं.

"घमेलं आण," आई म्हणाली.

मी बंबाखालचे निखारे घमेल्यात ओढून आणले. तिनं ते बुंध्यापासून हातभर लांब ठेवलं, वर राख भुरभुरली आणि तळवा पुढं करून ऊब बेताची आहे का ते पाहिलं.

झाड लावायची जागासुद्धा तिनं मुद्दाम शोधली होती. परसात न्हाणीच्या भिंतीला लागून, कारण भिंतीच्या पलीकडं बंब पेटायचा आणि भिंत सदा कोमट असायची. शेणखत, राख, आंबट ताकाचं पाणी, उन्हाळ्यात बुडाला भोक पाडलेलं मडकं, हिवाळ्यात कोमट पाणी. तळहातावरच्या फोडासारखं तिनं ते झाड जपलं. झाडही गुणी. माझ्या डोक्यावरून हातभर गेलं, बारा महिने हिरवंगार राहिलं. फूल मात्र एवढ्या वर्षांत एक धरलं नाही.

आमचं गाव निफाडच्या बाजूचं, कादवेच्या काठाचं. महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरवाले आधी आमच्याकडं बघतात. द्राक्षाच्या गावात थंडी म्हणजे वैरीण. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत पारा खाली गेला की मणी तडकतो, आणि तडकलेला मणी कुणी फुकट नेत नाही. म्हणून थंडीची लाट आली की सगळं गाव भल्या पहाटे आपापल्या बागेत शेकोट्या पेटवतं. आमच्याकडचं मूल 'आई' म्हणायच्या आधी 'गारठा' म्हणायला शिकतं, असं मी परगावच्या लोकांना सांगते, आणि ते खरं मानतात.

अशा गावात सफरचंद आलं ते मेहेरचंदमुळं. मेहेरचंद हा हिमाचलचा ट्रकवाला. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चात द्राक्ष भरायला यायचा. एकदा पेट्या भरायला उशीर झाला म्हणून आईनं त्याला ओट्यावर बसवून बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी त्यानं पानावर काही ठेवलं नाही. पुढच्या वर्षी तो आला तो ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक हातभर रोप घेऊन. "भाभी, सेब. हमारे नीचेवाले पहाड का है, आपके यहाँ भी जमेगा," एवढंच म्हणाला आणि ट्रक घेऊन गेला. आईनं ते रोप दोन्ही हातांत घेतलं ते पोर घ्यावं तसं.

"शैले, कुठं बघू राहिली? चल आत, गारठा सुटला."

मी आत गेले नाही. आज बोलायचंच असं ठरवून आले होते.

"आई, रूथचा फोन आला होता."

"कोण ती? तुझ्या कोर्समधली?"

"हो. ती त्या कुमाऊँच्या डोंगरात गेली ना, तिथल्या दवाखान्यात अजून एक जागा आहे. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलंय. महाशिवरात्रीच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला जाईल."

आईनं घमेल्यातली राख उगीचच सारखी केली. "लांब आहे ते."

"लांब आहे."

"थंड असंल."

"असेल ना. डोंगर आहे."

"मग विषय कशाला काढला?" ती म्हणाली आणि कंबरेवर हात देऊन उठली.

मला ती नोकरी हवी होती, फार हवी होती. नाशिकला मी गोळ्यांचे ट्रे फिरवायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचे. हॉस्टेलला राहू दिलं नाही म्हणून कोर्सची सगळी वर्षंसुद्धा मी त्याच एसटीत घालवली होती. तिथं मात्र एक डॉक्टरीण आणि दोन नर्स मिळून आसपासच्या सगळ्या वाड्यांची बाळंतपणं करत होत्या. रूथ फोनवर सांगायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. पळून जायचा विचार मी केला नव्हता असं नाही. पण आईला दारात उभी सोडून जाणं मला जमणार नव्हतं. ती 'जा' म्हणेल तरच मी जाणार होते.

तात्यांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी त्याच रात्री जेवताना मध्ये घातलं. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि आईकडं न बघता म्हणाले, "पोरगी शिकली सवरली. तिला काय आपण असंच..."

"आमटी गार होऊ राहिली," आई म्हणाली. तात्यांनी तो तुकडा तोंडात घातला. बागेत तात्यांचा शब्द शेवटचा असायचा, घरात आईचा, आणि दोघंही हद्द सोडत नसत.

संक्रांत तोंडावर आली आणि थंडीची लाट आली. अशी लाट मी पाहिली नव्हती. सकाळी उघड्यावरच्या बादलीत पाण्यावर बर्फाचं पातळ कवच धरलं होतं. वाऱ्यानं तर कहर केला. उत्तरेकडून सरळ बागेत घुसायचा. दुपारी तात्या आणि माझा भाऊ भास्कर बागेतून आले ते तोंडं पाडून.

"आज पारा अजून उतरणार," तात्या म्हणाले. "वारा अडवला नाही तर शेकोटीचा काही उपयोग नाही. घरातली सगळी जुनी लुगडी काढ. कडेनं बांधू."

आमच्याकडं बागेच्या कडेला जुनी लुगडी बांधून वारा अडवायची पद्धत आहे. आईनं पेटी रिकामी केली, वळकटीतली काढली, गोधडीसाठी ठेवलेली काढली. भास्करनं ती मोजल्यासारखी हातानं चाळली आणि म्हणाला, "उत्तरेची एक ओळ उघडी राहू राहिली."

सगळ्यांच्या नजरा परसाकडं गेल्या.

आई स्वतःच उठली. परसात जाऊन तिनं गोणपाट सोडलं, जांभळं लुगडं उलगडलं, मग हिरवं. झाड उघडं पडलं. तिनं घड्या भास्करच्या हातात दिल्या.

"आणि लाकडं?" तात्यांनी हळूच विचारलं.

"न्या. सगळी न्या."

"अगं, मग बंब..."

"एक आठवडा गार पाण्यानं अंघोळ केली तर कुणी मरत नाही," ती म्हणाली, आणि लगेच माझ्याकडं बघून, "तू करायची नाही."

तात्या दारात घुटमळले. पुढचं त्यांना बोलवत नव्हतं हे मला दिसत होतं, का ते मात्र कळत नव्हतं. शेवटी ते जमिनीकडं बघत म्हणाले, "माणसं कमी पडतात. सगळ्यांच्याच बागा आहेत, मजूर कुठून आणू? तुला यावं लागंल."

माझ्या आठवणीत आई कधी शेकोटीला गेली नव्हती. खुरपायला जायची, विरळणीला जायची, पेट्या भरायला जायची, पण थंडीच्या पहाटे नाही. मी समजायचे की माझ्यामुळं. तिनं रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

"येते," ती म्हणाली.

"मीपण येणार," मी म्हणाले.

"तू घरात..."

"आई, माणसं कमी आहेत."

ते पाच-सहा दिवस कसे गेले ते विचारू नका. कोंबडा आरवायच्या आधी आम्ही बागेत असायचो. उसाचं पाचट, भुसा, ओली लाकडं, धूर, खोकला. भास्कर विहिरीची मोटार सुरू करून कोमट पाणी ओळींतून सोडायचा, तात्या इकडून तिकडं पळत शेकोट्या सांभाळायचे. आई एका शेकोटीपाशी बसायची आणि ती विझू द्यायची नाही. मी पाट्या भरभरून पाचट वाहत होते. पहिल्या पहाटे मफलर डोळ्यांवर येत होता म्हणून काढून ठेवला, दुसऱ्या पहाटे शाल काढली. तोंडातून वाफा येत होत्या आणि आतून अंग पेटल्यासारखं गरम. मला एक शिंकसुद्धा आली नाही. उजाडताना सगळ्या शिवारावर धुराचा थर तरंगत असायचा आणि त्यातून गावातल्या माणसांच्या हाका यायच्या. वैरीण म्हणवून घेणारी थंडी एवढी देखणी असते हे मला तेव्हा कळलं, पण तात्यांसमोर असं बोलायची सोय नव्हती.

बाग वाचली. कडेच्या दोन ओळी गेल्या, पण बाग वाचली.

झाड गेलं.

लाट ओसरली त्या दुपारी आई परसात गेली आणि बराच वेळ परत आली नाही म्हणून मी बघायला गेले. झाडाखाली तांबूस-करपट पानांचा खच पडला होता. वर एक पान नाही. बारा महिने हिरवं असायचं ते झाड उघड्या काटक्या घेऊन उभं होतं. न्हाणीची भिंत गार पडली होती. आई पानांत बसली होती आणि एकेक पान उचलून ओच्यात ठेवत होती.

"आई, चल."

"एकटं सोडलं वं मी त्याला," ती म्हणाली. "भर गारठ्यात एकटं सोडलं."

मी तिला धरून आत आणलं. त्या दिवसानंतर ती परसात गेली नाही. धुणं पुढच्या अंगणात वाळत घालू लागली, न्हाणीतसुद्धा आतल्या दारानं जायची आणि आतल्याच दारानं यायची.

संक्रांतीला तिळगूळ देताना मी तिचे पाय धरले आणि पुन्हा विचारलं. माझी वेळ चुकली हे विचारता विचारताच मला कळलं.

"नाही," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एकाचं काय झालं पाहिलंस ना? आता पुन्हा विचारू नको, शैला."

ती मला नेहमी शैले म्हणायची. शैला म्हणाली तेव्हा मी समजले की दार बंद झालं. मी रूथला फोन करून सांगितलं, बहुतेक जमणार नाही. रूथ म्हणाली, डॉक्टरीणबाई शिवरात्रीपर्यंत थांबतील, त्यापुढं नाही. फोन ठेवून मी खोलीत जाऊन रडले. नर्स असून उशीत तोंड खुपसून रडले.

आठवड्याभरानं आई तात्यांना म्हणाली, "ते झाड तोडून टाका. न्हाणीत गेलं तरी भिंतीपलीकडं ते उभं आहे असं वाटतं."

तात्या कुऱ्हाड घेऊन परसात आले. मी मागोमाग गेले. त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली, छाटणीची कात्री काढली आणि एका फांदीवर तिच्या टोकानं हलकेच ओरखडा काढला. मग वाकून, जवळ जाऊन पाहिलं.

"इकडं ये."

सालीखाली हिरवी रेघ होती, ओली.

"जिवंत आहे?" मी ओरडलेच.

"हळू. आत ऐकू जाईल." त्यांनी अंगठा त्या ओरखड्यावर ठेवला. "ऑक्टोबरात आपण बाग छाटतो तेव्हा काय राहतं? काड्याच ना? बाहेरचा माणूस बघंल तर म्हणंल, मेली. मग काडीवरचे डोळे फुगतात, फुटतात. हे काय करतं ते मला ठाऊक नाही. द्राक्षाचं मला कळतं, याचं नाही."

"मग आईला सांगू या ना."

"नको. आणि नाही फुटलं तर? दुसऱ्यांदा तिला..." पायाखालची पानं त्यांनी चपलेनं बाजूला सारली. "तुझ्या आधी एक होती."

"कोण?"

"पोरगी. भास्करच्या पाठची. चार महिन्यांची होती. आमची बाग नवी, कर्ज... जाऊ दे. अशीच लाट आली होती. माणसं नव्हती म्हणून मी हिला बागेत नेलं. पोरीला शेकोटीजवळ झोळीत ठेवलं होतं, अगदी जवळ. वारा फिरला, आमचं सगळ्यांचं लक्ष वेलींकडं. उजाडल्यावर हिनं झोळीत हात घातला." तात्यांनी नाक पुसलं. "तेव्हापासून ती कधी आली नव्हती. परवा आली. मी नेली पुन्हा."

आयुष्यभर अंगावर चढवलेले सगळे स्वेटर मला एकदम आठवले. मी त्यांना किती नावं ठेवली होती.

"तात्या, मग झाडाचं?"

"बघतो," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी आईला सांगितलं, "कुऱ्हाडीला धार नाही. लोहाराकडं टाकतो."

लोहार आमच्या गावातच, हाकेच्या अंतरावर. पण ती कुऱ्हाड काही धार लावून येईना. कधी लोहार लग्नाला गेलेला असायचा, कधी त्याचा भाता फाटलेला. आईनं दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. मी आणि तात्या रोज सकाळी चोरासारखे परसात जायचो. पहिल्यांदा काड्यांवर बारीक गाठी दिसल्या. मग गाठी फुगल्या, राखाडी, मऊ, उंदराच्या कानासारख्या. मग एका सकाळी त्या फुटून आत गुलाबी ठिपका दिसला आणि तात्यांनी माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

"पान नाही हे," ते कुजबुजले.

"फूल आहे."

"कुणाला सांगू नको." पन्नाशीतला माणूस, पण चेहरा असा की जणू शाळेला दांडी मारून आलाय.

महाशिवरात्र चार दिवसांवर आली होती. सकाळी मी चुलीपाशी चहा टाकत होते. आई अंघोळीला गेली होती. एकदम ती न्हाणीतून ओरडली, "शैले! भिंतीपलीकडं मोहोळ बसलंय!"

मी धावले. खरंच, भिंतीतून आवाज येत होता. एकसारखी घूंऽऽ, दबलेली, जणू भिंतच गुणगुणत होती.

"बाजूला हो," आई म्हणाली. तिनं लुगडं नीट खोचलं, काठीला चिंधी गुंडाळली, चुलीत पेटवली आणि माशा हाकलायला धुराचा पलिता घेऊन परसाचं दार उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी तिच्या मागंच होते. ती दारात थांबली म्हणून मी तिच्यावर आदळले.

झाड दिसतच नव्हतं. नुसती फुलं दिसत होती. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, एकेका काडीला पाच-पाच, सहा-सहाचे घोस. उमललेली पांढरी, पाकळीच्या पाठीवर गुलाबी झाक, आणि न उमललेल्या कळ्या लालबुंद. पान नावाला नाही. कोवळं ऊन त्यात शिरलं होतं, आणि सगळं झाड मधमाश्यांनी हलत होतं. आदल्या संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा त्यावर दहा-वीस फुलं असतील. रातोरात हे सगळं झालं होतं. असं काही मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नंतर अनेकदा पाहिलं, डोंगरच्या डोंगर पाहिले, पण ती पहिली वेळ ती पहिलीच.

आईच्या हातातला पलिता जळत होता. ठिणगी तिच्या लुगड्यावर पडणार म्हणून मी हात पुढं केला, पण तिनंच तो वाकून बादलीतल्या पाण्यात बुडवला. चर्र झालं. मग ती चपला काढून झाडाखाली गेली, देवळात जावं तशी. फुलाला हात लावायला तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

"हे... हेच आहे ना ते?" तिनं विचारलं.

"हेच आहे, आई."

"मी याला कोमट पाणी दिलं. लुगडी गुंडाळली. कधी एक कळी दाखवली नाही यानं." ती माझ्याशी बोलत नव्हती. "अन् या वर्षी तर मी काहीच केलं नाही. काहीच नाही केलं."

दुपारपर्यंत गाव लोटलं. सफरचंदाचं फूल आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारची सरूकाकू, जिनं इतकी वर्षं 'काय मथुराबाई, सफरचंदाचा मुरंबा कधी?' म्हणून आईला छळलं होतं, ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली आणि जाताना झाडाला हळदकुंकू वाहून गेली. आई सगळ्यांना बघू देत होती. ओट्यावर गुडघ्याला मिठी घालून बसली होती. कोडं पडल्यावर बसतात तशी.

तिसऱ्या प्रहरी मेहेरचंदचा ट्रक आला. तो बाग बघून परस्पर चहाला घरी आला आणि तात्यांनी त्याला हाताला धरून परसात नेलं.

"अरे वा, भाभी!" तो खूश झाला, पण चकित झाला नाही. आम्ही सगळे त्याच्याकडं बघतोय हे पाहून मात्र बावचळला. "क्या हुआ?"

"इतकी वर्षं हे फुललं नाही," आई म्हणाली. "आत्ताच का फुललं?"

मेहेरचंदनं टोपी मागं सरकवली. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत तो मोडकं मराठी शिकला होता. "इस साल ठंड जास्त पडला ना. याला ठंड पाहिजे. पानी गिरा के, नंगा होके सोता है ये. तब फूल."

"पानी नाही, पानं," भास्कर म्हणाला.

"हाँ, पानं. पहले कम पडला असेल ठंड."

"कमी कुठली," तात्या म्हणाले. "मालकीणबाई रोज शेगडी ठेवत होत्या बुडाला."

"शेगडी?" मेहेरचंदनं आईकडं पाहिलं. हसावं की नाही त्याला कळेना. "सेब को शेगडी?"

"मग तेव्हा सांगायचं ना, भाऊ," आई म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मेहेरचंद विचारात पडला. "भाभी, आमच्या गावात हे कुणाला सांगायला लागत नाही. वहाँ तो बर्फ में खडा रहता है, घुटने तक. बच्चा पण जानता है."

"बर्फात," आई म्हणाली.

"हाँ. पूरा महिना."

चहा झाला, मेहेरचंद गेला, तात्या आणि भास्कर त्याच्याबरोबर बागेत गेले. गर्दीही पांगली. ऊन उतरलं तसा माश्यांचा आवाज कमी कमी होत गेला. आई झाडाखाली बसली होती. मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. एक पाकळी गिरक्या घेत आली आणि तिच्या गुडघ्यावर पडली. तिनं ती तशीच राहू दिली.

"तुला तात्यांनी सांगितलं ना?" ती म्हणाली. "तिचं."

"हो."

"सोनी नाव ठेवलं होतं." वारा गार सुटला होता. माझ्या अंगावर शाल नव्हती आणि तिनं ती आणायला सांगितलं नाही.

"तू त्या लाटेत बागेत पाचट वाहू राहिली होती," ती म्हणाली. "उघड्या डोक्यानं. मी बघत होते."

"मला काही झालं नाही, आई."

"हो ना. तेच बघत होते." ती पुन्हा फुलांकडं वळली. "त्या तुझ्या गावाला बर्फ पडतो का वं?"

खोटं बोलावं असं एक क्षण मनात आलं.

"पडतो," मी म्हणाले. "खूप पडतो."

आईनं गुडघ्यावरची पाकळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"मग जा," ती म्हणाली.